स्वच्छ नमुना

या प्रवासाचे कारण एका वाक्यात सांगता येते. पिंपळगाव राजातून आलेले चारही नमुने प्रयोगशाळेने बाद ठरवले होते आणि ते का बाद झाले, हे कोणालाच कळत नव्हते.

नमुने शौचाचे होते. आमच्या शहरातल्या एका रुग्णालयात आमवाताच्या रुग्णांसाठी एक चाचणी सुरू होत आहे. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. बोटे, मनगटे, गुडघे सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही आणि वर्षानुवर्षे हे चालले की बोटे वाकडी होऊन तशीच राहतात. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचा या बिघाडाशी संबंध असावा, असा डॉक्टरांचा संशय आहे. म्हणून निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू वेगळे करायचे, तपासून कॅप्सूलमध्ये भरायचे, रुग्णाला द्यायचे आणि सांध्यांवर काही परिणाम होतो का ते पाहायचे. हा इलाज अजून सिद्ध झालेला नाही. तो देण्याआधी रुग्णाच्या आतड्यात सध्या कोणते जिवाणू आहेत हे पाहावे लागते, आणि त्यासाठी नमुना लागतो.

चाचणीशी माझा संबंध एवढाच की रुग्णांना द्यायच्या सूचनापत्रकाचा मराठी मसुदा भाषा तपासायला माझ्याकडे आला होता. वर्तमानपत्रात बातम्या कापून छोट्या करण्यातच माझी सारी नोकरी खर्ची पडली आहे. मी दोन पानांचे एक पान केले. पत्रक नेटके झाले, असे सगळ्यांनी सांगितले. नमुने गोळा करण्याची दुसरी फेरी निघाली तेव्हा मी सोबत येऊ का, असे विचारले आणि डिसेंबरातल्या एका मंगळवारी चिखलीला उतरले.

चिखली, मंगळवार

संगीता बस स्थानकाबाहेर निळा थंड डबा खांद्याला अडकवून उभी होती. वय पस्तिशीच्या आसपास, राहणारी चिखलीचीच, शिक्षणाने प्रयोगशाळा तंत्रज्ञ. जिल्ह्यातल्या रुग्णांकडे डब्या पोहोचवायच्या, सूचना समजावायच्या, नमुने बर्फात ठेवून वेळेत रवाना करायचे, हे तिचे काम. डबा त्या वेळी रिकामा होता, तरी तिने तो मला धरू दिला नाही.

बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एका खानावळीत आम्ही शेवभाजी आणि भाकरी मागवली. माझ्या घरी शेव चहाबरोबर खातात. इथे ती लाल तर्रीत बुडवून जेवणाची मुख्य भाजी होते आणि पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणते. संगीताने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि विषयाला हात घातला.

"ताई, मले एकच कोडं सुटून नाही राह्यलं. चौघींची घरं येगळी, पाणी येगळं, सैपाक येगळा. अन् चारही नमुने एकदम पातळ. लॅबनं लिवून देल्लं, तपासणीस अयोग्य."

"पोट बिघडलं असेल चौघींचं."

"तेच तर! मी एकेकीले इचारलं, बाई, आदल्या दिवशी जुलाब लागले होते काय? चौघी म्हनतात, नाही. खोटं बोलणाऱ्या बाया नाहीत त्या. त्याच्यात एक तर मास्तरीण हाय."

मास्तरीण म्हणजे बेबीताई इंगळे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका. चौघींत सर्वांत जास्त त्रास त्यांनाच होता. आठवड्याच्या गोळीने सूज उतरायची, पण यकृताच्या तपासणीचे आकडे बिघडत होते, त्यामुळे डॉक्टरांना डोस वाढवता येत नव्हता. चाचणीत जागा मिळाली तर एक नवा रस्ता उघडणार होता. एखाद्या रुग्णाचा दुसरा नमुनाही बाद झाला की त्याचे नाव यादीतून जाणार होते आणि यादी शनिवारी बंद होणार होती.

हिवरा आश्रम, बुधवार

चाचणीची गाडी सकाळी सुरूच झाली नाही. आम्ही आधी बसने आणि मग जीपने हिवरा आश्रमला पोहोचलो. आश्रमाच्या मोठ्या आवारापासून थोड्या अंतरावर तुकारामकाकांचे घर आहे. काका साठीचे, पाच एकरांचे शेतकरी. दोन्ही गुडघे सुजलेले असल्यामुळे ओसरीवर खाटेवर बसून होते. त्यांचा पहिला नमुना उत्तम आला होता. संगीता पडताळणीसाठी दुसरी डबी घ्यायला आली होती.

"काऊन व संगीता," काका म्हणाले, "एवढ्या दुरून हेच न्यायले येतं व्हय? आमच्या वावराच्या कडीले लय पडलं हाय, गाडी भरून ने."

"तुमचंच पाह्यजे काका. वावराच्या गुडघ्याले सूज नाही."

आतून काकू हसल्या. त्यांनी जेवायला बसवलेच. अंबाडीची आंबट भाजी, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पातळ ताक. माझ्या शहरात आतड्याच्या आरोग्यासाठी लोक छोट्या बाटल्या विकत आणून फ्रिजमध्ये ठेवतात. इथे आदल्या दिवशीचे ताक मडक्यात असते आणि त्याच्या गुणांबद्दल कोणी बोलत नाही.

काका गोळी कधी घेतात, असे मी विचारले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. उत्तर काकूंनी दिले.

"बाजाराची गोळी म्हनतो आम्ही तिले. बाजार आला का गोळी. बाजार काही रोज भरत नाही."

ही व्यवस्था मी वहीत लिहून घेतली. मग सूचनापत्रक पाहायला मागितले. काकूंनी फळीवरचा तुरीच्या डाळीचा डबा उचलला. पत्रक त्याखाली अंथरलेले होते, स्वच्छ आणि न वाचलेले. दोघांनाही वाचता येत नाही.

"मग कसं करायचं ते कसं कळलं?"

"संगीतानं तोंडी सांगतलं," काका म्हणाले. "रोज जे खाता ते खा, जसं होते तसं द्या. त्याच्यात काय वाचायचं हाय?"

परतताना जीपमध्ये दाटी होती. संगीताने थंड डबा मांडीवर घेतला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी डब्यावर हात ठेवून पाहिला.

"थंडगार हाय व. आइस्क्रीम हाय का?"

"नाही आजी. दवाखान्याचं हाय."

"मंग नीट धर माय, सांडशीन." आणि चिखली येईपर्यंत त्यांनी स्वतःचाही एक हात डब्याला लावून ठेवला.

त्या संध्याकाळी मी नोंद केली: ज्यांनी पत्रक वाचले नाही, त्यांचा नमुना चांगला आला. ते वाक्य लिहून मी वही मिटली. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

पिंपळगाव राजा, गुरुवार

बुलडाणा जिल्ह्यात माणूस एक तर घाटावरचा असतो किंवा घाटाखालचा. चिखलीहून खामगावकडे जाताना रस्ता डोंगर उतरतो आणि हवा बदलते. वर हरभरा नुकता उगवला होता. खाली काळ्या सपाट जमिनीत कापसाची शेवटची बोंडे पांढरी दिसत होती आणि तूर माणसाच्या डोक्याएवढी झाली होती. गाडी आता दुरुस्त झाली होती, पण तिच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. चालकाने पिंपळगाव येईपर्यंत ती एकदाही बंद केली नाही.

आम्ही आधी शाळेत गेलो. बेबीताई दुसरीच्या वर्गावर होत्या. सत्तेचाळीस वर्षांच्या, अंगाने बारीक, आवाजाने मोठ्या. उजव्या हाताची बोटे करंगळीकडे वळलेली होती. खडू त्यांनी चिंधी गुंडाळून अंगठ्याएवढा जाड केला होता आणि तो मुठीत धरून, पूर्ण दंड हलवत त्या लिहीत होत्या. फळ्यावर 'बाळ' लिहिले. ळ च्या दुसऱ्या वळणाला खडू घसरला. त्यांनी तो ळ पुसला, परत लिहिला, परत पुसला. तिसऱ्यांदा तो जमला. वर्ग शांत बसून होता, म्हणजे ही रोजची गोष्ट होती.

"दुसरीच्या लेकराले पुस्तकातला ळ दिसत नाही," बाहेर येताना त्या म्हणाल्या. "त्याले मास्तरच्या हातचा ळ दिसते. मी वाकडा काढला का पंचवीस वह्यायत वाकडा. म्हनून मले हात पाह्यजे. बाकी दुखनं गेलं नाही तरी चालते."

घर शाळेपासून जवळच होते. त्यांनी आमच्यासाठी वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकरी करून ठेवली होती. ज्वारीत उडीद मिसळून केलेली ही भाकरी वांग्याबरोबर खातात. ताटे दोनच होती.

"तुम्ही?" मी विचारले.

"मी दोन दिवसांपासून भाताच्या पेजेवर हाय. उद्या नमुना द्यायचा हाय ना."

संगीताचा हात घासावर थांबला. "पेज काऊन घेऊन राह्यले मॅडम? रोजचं जेवण घ्या म्हनलं होतं ना पत्रकात."

"घेत होतीच रोजचं. मांगच्या टायमाले तुमच्या लॅबनं नापास केलं. म्हनून या टायमाले जास्त काळजी घेतली." त्यांनी फळीकडे हनुवटी केली. तिथे एरंडेलाची बाटली होती, निम्म्याहून कमी भरलेली. "मांगं एक डाव घेतलं होतं. या टायमाले मंगळवारी घेतलं, काल परत घेतलं. आता पोट असं साफ हाय, का घासलेल्या गंजपातेल्यासारखं."

संगीताने हातातला घास ताटात परत ठेवला.

"मॅडम," संगीता म्हणाली, "मी तुमाले इचारलं होतं. जुलाब लागले का म्हनून."

"मंग? लागले कुठी? आम्ही घेतले. लागणं येगळं, घेणं येगळं. तुनं इचारलं असतं घेतले का, तर मी हाव म्हनली असती."

"अन् औषधं घेतली असली तर सांगा, असं लिवलं होतं पत्रकात."

"एरंडेल औषध हाय का बाप्पा? घरातलं तेल हाय ते. बारशापासून पेऊन राह्यलो."

"बाकीच्या तिघींनीही घेतलं?" मी विचारले.

"पहिल्या टायमाले घेतलं. तिघी माह्याकडे आल्या होत्या, पत्रक वाचून दाखवा म्हनून. मी वाचून, समजावून सांगतलं. या टायमाले आज सांजच्याले घेतीन त्या."

त्यांनी पत्रक आणून दिले. प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट घातलेले होते. चौथ्या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा होत्या. ओळ अशी होती: स्वच्छ नमुना द्यावा.

"आता सांगा," बेबीताई म्हणाल्या, "डॉक्टरले द्यायची वस्तू. लिवलं हाय स्वच्छ. पोट साफ केल्याबिगर स्वच्छ कसा येईन?"

मूळ मसुदा माझ्या फोनमध्ये होता. मी तो काढून मोठ्याने वाचला. 'नमुना घेण्याआधी हात साबणाने धुवावेत. डबी आतून स्वच्छ व कोरडी असल्याची खात्री करावी. पोट साफ करण्यासाठी एरंडेल, चूर्ण किंवा जुलाबाचे अन्य औषध मागील दोन आठवड्यांत घेतले असल्यास कळवावे.' पहिल्या दोन वाक्यांची मी तीन शब्दांत एक ओळ केली होती. तिसऱ्या वाक्यातून एरंडेल आणि चूर्ण काढून 'औषधे घेतली असल्यास कळवावे' एवढेच ठेवले होते. दोन्ही ठिकाणी जागा वाचली होती.

"मी पेपरात काम करते. हे पत्रक मीच कापलं आहे," मी म्हणाले. "मूळ असं होतं. चूक माझी आहे."

बेबीताईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि मूळ मजकूर स्वतः दोनदा वाचला. मग पत्रकाकडे पाहिले.

"म्हंजे पेपरवाल्यायनं जागा वाचवली अन् आम्ही एरंडेल पेलो."

संगीताला हसू आवरले नाही. बेबीताईंना मात्र हसू आले नाही. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवले आणि विचारले, "आता किती दिवस थांबा लागते?"

संगीता आधी बाकीच्या तिघींच्या घरी धावत गेली. एकीने बाटलीचे झाकण उघडले होते. तिथून परत आल्यावर तिने चाचणीच्या मुख्य डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. जुलाबानंतर आतड्यातले जिवाणू पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागतो, किमान दोन आठवडे थांबावेच लागेल, असे ते म्हणाले. यादी शनिवारी बंद होत होती. बाकी तिघींचे एरंडेल पहिल्या फेरीचे, म्हणजे महिन्यापूर्वीचे, त्यामुळे त्यांचे नमुने शनिवारच्या आत घेता येतील, बेबीताईंचे नाव मात्र वगळावे लागेल. त्यांना वाईट वाटत होते, पण नियम नियमच होता. मी पत्रकातल्या चुकीची जबाबदारी माझी असल्याचे सांगितले. त्याने नियम बदलत नाही, असे ते म्हणाले.

बेबीताईंनी फोन जवळ ओढला.

"डॉक्टरसाहेब, मी बेबी इंगळे बोलतो. पंचवीस वर्षं झाली शाळेत. एक इचारू?"

"विचारा ना."

"पेपरात प्रश्नच चुकीचा छापला, अन् लेकरानं छापला तसा सोडवला. त्याचे मार्क कापसान का तुम्ही?"

"तसं नाही, पण..." डॉक्टर म्हणू लागले.

"मी नाही कापत. मी त्या लेकराले दुसरा कागद देतो, अन् येळ देतो. मले काही जास्तीचं नको. प्रश्न बरोबर करून द्या, अन् पंधरा दिवस द्या. मंग नापास झाली तर मी तोंड उघडणार नाही."

डॉक्टर म्हणाले की एकट्याने त्यांना हे ठरवता येत नाही, समितीला विचारावे लागेल. संध्याकाळपर्यंत कळवतो.

दुपार लांबली. चहा झाला. बेबीताई शाळेत जाऊन आल्या, वह्या घेऊन बसल्या. उजव्या मुठीत लाल पेन धरून त्यांनी पंचवीसच्या पंचवीस वह्या तपासल्या. मध्येच त्यांनी विचारले, "संगीता, ज्या माणसाचे ते जिवाणू देतात, त्याचं नाव सांगतात का?"

"नाही मॅडम. फक्त नंबर राह्यते डबीवर."

"आडनाव बी नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवले. "माह्या आजीले आडावर पाणी भरू देत नव्हते. वरून ओतत होते. आता कोणाच्या पोटातलं कोणाच्या पोटात जाईन, अन् डबीवर आडनाव नाही." मग पहिल्यांदाच त्या मोठ्याने हसल्या. "हे आजीले सांगा लागत होतं व. माणूस तेवढा निरोगी पाहा म्हना."

डॉक्टरांचा फोन दिवे लागायच्या वेळी आला. चूक सूचनापत्रकाची असल्याचे समितीने मान्य केले होते. बेबीताईंना पंधरा दिवसांची मुदत मिळाली होती. अट एकच होती: दुरुस्त पत्रक सर्व रुग्णांना पुन्हा द्यायचे. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. काही रुग्णांच्या कॅप्सूलमध्ये जिवाणू असतील, काहींच्या नसतील. कोणाला काय मिळाले हे शेवटपर्यंत रुग्णाला कळणार नाही आणि संगीतालाही नाही. मिळाले तरी बोटे सरळ होतील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

"समजलं," बेबीताई म्हणाल्या. "फक्त मले परीक्षेले बसू द्या."

फोन बंद झाल्यावर त्यांनी भाकरीची चळत पुढे ओढली, एक भाकरी काढली आणि वांग्याची भाजी वाढून घेतली. दोन दिवसांनंतरचे ते त्यांचे पहिले जेवण होते.

पिंपळगाव राजा, शुक्रवार

नवे पत्रक कोण लिहिणार, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. शाळा भरायच्या आधी बेबीताईंनी बाकीच्या तिघींना वर्गात बोलावले, दुसरीच्या बाकांवर बसवले आणि चिंधी गुंडाळलेला खडू घेतला. मी आणि संगीता शेवटच्या बाकावर होतो. त्या एक ओळ लिहीत आणि विचारत, "याच्यातून काय समजलं?" कोणी वेगळे काही सांगितले की ओळ पुसत.

'डबी स्वच्छ ठेवा' ही ओळ दोनदा बदलली. एकीने विचारले होते, डबी राखेने घासायची का. 'डबी धुवू नका, ती स्वच्छच आहे' असे झाले. हात धुण्याचे वेगळे वाक्य आले. 'जुलाब लागले असले किंवा घेतले असले, दोन्ही सांगा' ही ओळ संगीताने सुचवली. एरंडेल, चूर्ण, काढा, नावानिशी आले. शेवटची ओळ बेबीताईंनी कोणाला न विचारता लिहिली. 'पोट' मधला प आणि 'घालू' मधला घ वाकडे आले. त्यांनी ते पुसून पुन्हा लिहिले.

मी फळा जसाच्या तसा उतरवून घेतला. पूर्ण दोन पाने झाली.

परतल्यावर

परतल्यानंतर सोळाव्या दिवशी संगीताचा निरोप आला: मॅडमचा नमुना पास. बाकी तिघींचे आधीच पास झाले होते. पाठोपाठ बेबीताईंचा फोन आला. कॅप्सूल पुढच्या महिन्यात सुरू होणार होत्या. त्यांच्या कॅप्सूलमध्ये काहीच नसले तर, असे मी विचारले.

"मंग मी त्या बाजूची," त्या म्हणाल्या. "कोणीतरी त्या बाजूले बसल्याबिगर ह्या बाजूचं खरं का खोटं कसं कळन? पण खडू मी सोडत नाही, हे लिवून ठेवा." मग थांबून त्यांनी विचारले, "पत्रक छापलं का? कमी तर नाही केलं काही?"

पत्रक माझ्यासमोर होते, त्याच सकाळी छापून आलेले. दोन पाने, एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना. छपाईवाल्याने एका पानात बसवून देऊ का, असे विचारले होते आणि मी नाही म्हणाले होते. शेवटची ओळ मी त्यांना फोनवर वाचून दाखवली, त्यांनी लिहिली होती तशी: 'पोट जसं आहे तसं राहू द्या. डॉक्टरला तेच पाहायचं आहे. लाज वाटून त्याला आंघोळ घालू नका.'